पिढ्यांची देवघेव : मनीषनगरच्या निमित्ताने एक अभ्यास

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कुटुंबसंस्थेचे प्रकरण आले की 'एकत्र कुटुंब मोडले आणि विभक्त कुटुंब आले' हे वाक्य आपण सर्वजण उत्तरपत्रिकेत हमखास लिहितो. त्या वाक्याच्या पलीकडे काय घडले, याचा विचार मात्र फारसा होत नाही. कुटुंब मोडले म्हणजे केवळ चुली वेगळ्या झाल्या असे नव्हे. वृद्धाला मुलाची आणि मुलाला वृद्धाची गरज भासावी अशी जी लहानमोठी कामे रोजच्या जगण्यात होती, ती कामेच हळूहळू नाहीशी झाली. अशी कामे जाणीवपूर्वक पुन्हा निर्माण करण्याच्या प्रयत्नाला हल्ली 'आंतरपिढीय उपक्रम' असे भारदस्त नाव मिळाले आहे. हे उपक्रम कशामुळे यशस्वी होतात, कशामुळे फसतात, आणि आपल्या वस्तीत ते कसे रुजवता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमची वस्ती

मी राहते त्या मनीषनगरचे उदाहरण घेऊ. दक्षिण नागपुरात, वर्धा मार्गाला लागून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या पलीकडे ही वस्ती पसरली आहे. एका बाजूला सोमलवाडा, दुसरीकडे बेसा आणि बेलतरोडी. शेतांचे ले-आऊट पडले, ले-आऊटवर घरे झाली आणि पुढे घरांच्या जागी फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या. बँकेतून, रेल्वेतून, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली माणसे येथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मुले नोकरीनिमित्त पुण्याला, बंगलोरला किंवा परदेशी आहेत. त्याच स्कीमांमध्ये मिहानमध्ये नोकरी करणारी तरुण जोडपी आहेत आणि बाहेरगावाहून शिकायला आलेली, खोल्या करून राहणारी मुले आहेत. सकाळी आठच्या सुमारास जिन्यात तीन पिढ्या एकमेकींच्या शेजारून जातात. ओळख असते ती दारावरच्या पाटीशी. माणसाशी ती क्वचितच असते.

पूर्वी वर्धा मार्गावरून आमच्या भागात यायचे म्हणजे रेल्वेच्या फाटकाशी हमखास खोळंबा होत असे. उड्डाणपूल झाला आणि तो खोळंबा टळला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधले वयाचे फाटक मात्र कोणत्याही पुलाने उघडत नाही. त्यासाठी निराळी बांधणी करावी लागते.

प्रश्न केवळ आमच्या वस्तीचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे जवळजवळ दर दहा माणसांमागे एक, असे होते. या शतकाच्या मध्याला देशातील दर पाच माणसांत एक वृद्ध असेल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. शासनाने याची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. १९९९ मध्ये वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २००७ मध्ये आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला. परंतु कायद्याने पोटगी मिळवता येते, गप्पा मिळवता येत नाहीत. जेथे कायदा संपतो तेथून समाजाचे काम सुरू होते.

परंपरेत काय होते?

'आपल्याकडे पूर्वी सर्व छान होते' असा सूर लावण्याचा माझा हेतू नाही. जुन्या घरांत वृद्धांना मान होता तसा सुनांना जाचही होता. तरीही आपल्या विदर्भातील दोन प्रथांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले तर एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते.

पहिली प्रथा तान्ह्या पोळ्याची. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघरी नेतात आणि वडीलधारी माणसे त्यांना 'बोजारा' देतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी ही प्रथा सुरू केली असे सांगितले जाते. दुसरी प्रथा भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली रोज संध्याकाळी भुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि डब्यात कोणती खिरापत आहे ते ओळखतात. ही गाणी मुलींना कोणी शाळेत शिकवली नाहीत. ती आजीकडून आली. आजीला एखादे कडवे आठवेनासे झाले तर ती शेजारच्या आजीला विचारी आणि त्या निमित्ताने दोन घरे जोडली जात.

या दोन्ही प्रथांत तीन गोष्टी समान आहेत. भेटीला ठरलेला काळ आहे. भेटीत करायचे काही काम आहे, नुसती विचारपूस नाही. आणि दोन्ही पक्षांना एकमेकांवाचून चालत नाही. मुले आली नाहीत तर बोजारा द्यायचा कोणाला? आजी नसेल तर गाणे पुढे न्यायचे कोणी?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातील खेड्याखेड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजवली, तिच्यातही हेच तत्त्व दिसते. ठरलेल्या वेळी गावातील लहानथोर सर्वांनी एका ठिकाणी ओळीने बसायचे. तेथे वृद्धाला वेगळी खुर्ची नाही आणि मुलाला 'तू बाहेर खेळ' असे सांगणे नाही. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ ओळखले जाते, त्यांच्या कार्याकडे या दृष्टीनेही पाहावयास हवे.

शास्त्र काय सांगते?

भिन्न गटांतील माणसे नुसती जवळ आली म्हणजे त्यांचे पूर्वग्रह जातात असे नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात याची चर्चा केली. संपर्काचा उपयोग व्हावयाचा तर चार अटी पाळल्या जाव्यात, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. संपर्कात दोघांचा दर्जा समान असावा, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते स्पर्धेने नव्हे तर सहकार्याने गाठायचे असावे, आणि या संपर्काला समाजमान्य संस्थेचा पाठिंबा असावा. ऑलपोर्टच्या नजरेपुढे प्रामुख्याने वंशभेदाचा प्रश्न होता. परंतु या अटी वयाच्या भेदालाही तितक्याच लागू पडतात.

वयावरून माणसाविषयी मत बनवणे हाही एक पूर्वग्रहच आहे. 'म्हाताऱ्यांना काही कळत नाही' आणि 'आजकालच्या पोरांना काही वळण नाही' ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वयभेदावर एक अहवाल प्रसिद्ध केला. तो दूर करण्याचे तीन मार्ग त्यात सांगितले आहेत : कायदे व धोरणे, शिक्षण, आणि पिढ्यापिढ्यांचा प्रत्यक्ष संपर्क. म्हणजे वाडवडिलांच्या सहवासाला आता आरोग्याच्या प्रश्नातही स्थान मिळाले आहे.

याला एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाच्या विचाराची जोड द्यावी लागेल. मनुष्याच्या विकासाचे आठ टप्पे त्याने मांडले. प्रौढ वयात माणसाला पुढच्या पिढीसाठी काही घडवावे, काही मागे ठेवावे अशी ओढ लागते आणि ती ओढ भागली नाही तर जीवनात एक प्रकारचे साचलेपण येते, असे तो म्हणतो. निवृत्त मनुष्याचे दुःख पुष्कळदा पैशाचे नसते. आपले आता कोणाला काही काम उरले नाही, हे ते दुःख असते.

फांगण्याची शाळा

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. प्रवेशाची अट वयाची. साठीच्या पुढच्या बायकांनीच यायचे. सुमारे तीस आजीबाई पाटी-दप्तर घेऊन येऊ लागल्या. गुलाबी नऊवारी लुगडे हा त्यांचा गणवेश. वेळ दुपारची, म्हणजे घरची व शेतातली कामे उरकल्यानंतरची. पोथी आपल्याला वाचता यावी आणि अंगठ्याऐवजी सही करता यावी, या त्यांच्या साध्या इच्छेतून हे घडले.

ऑलपोर्टच्या अटी येथे लावून पाहिल्या की या शाळेचे यश उलगडते. शिकवणारी तरुण स्त्री त्याच गावची सून. तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती. घरात जिचा शब्द प्रमाण, ती वर्गात पाटी पुढे करून 'बाई, हे बरोबर आहे का?' असे विचारते. घरच्या उतरंडीला येथे वर्गाची उलटी उतरंड भेटते आणि दोन्ही मिळून दर्जा समान होतो. संध्याकाळी घरी नातवंडे अभ्यासाला बसली की आजीही पाटी घेऊन बसते आणि नात तिला अक्षर गिरवायला मदत करते. दोघींचे उद्दिष्ट एक, आणि स्पर्धा नाही. शाळेला गावातील शिक्षकाचे व न्यासाचे पाठबळ आहे, म्हणून 'या वयात हे काय सुचले' असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद होतात.

या शाळेची बातमी देशोदेशी गेली ती गुलाबी लुगड्यांच्या छायाचित्रांमुळे. मला मात्र तिच्यातील वेळापत्रकाचे महत्त्व अधिक वाटते. महिलादिनाला एक सोहळा करून, प्रत्येकीला पाटी वाटून हा कार्यक्रम संपवता आला असता. तो संपवला नाही. वर्ग ठरलेल्या वेळी भरत राहिला. म्हणूनच आजीबाई नुसत्या साक्षर झाल्या नाहीत, त्यांना घराबाहेर जाण्याचे एक हक्काचे ठिकाण मिळाले.

अशा कामाची महाराष्ट्राला जुनी सवय आहे. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत शाळाशिक्षक, विद्यार्थी आणि शिकलेले गावकरी यांनी प्रौढांना साक्षर केले. गाव साक्षर झाले की 'ग्रामगौरव' समारंभ होई. गौरव व्यक्तीचा नव्हे, गावाचा, ही त्यातील मोठी दृष्टी होय.

परदेशातही असेच प्रयोग झाले. अमेरिकेत १९६५ मध्ये 'फॉस्टर ग्रँडपेरेंट' म्हणजे मानलेले आजी-आजोबा ही योजना सुरू झाली. अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना थोडे मानधन देऊन मदतीची गरज असलेल्या मुलांच्या सोबतीला नेमणे, हे तिचे स्वरूप. जपानमध्ये टोकियोच्या एडोगावा भागात 'कोतोएन' या संस्थेने १९७६ मध्ये वृद्धाश्रमाला बालवाडी जोडली. बाल्टिमोर शहरात साठीपुढील स्वयंसेवकांनी आठवड्याला सुमारे पंधरा तास प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला मदत केली. त्या प्रयोगाच्या अभ्यासात असे दिसले की मुलांच्या वाचनाला मदत झालीच, पण या स्वयंसेवकांचे हिंडणेफिरणे आणि माणसांत मिसळणेही वाढले. मुलांना वाचवून घेता घेता आजोबांची प्रकृती सुधारली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

उपक्रम कोठे फसतो?

वरील कसोट्या लावल्या की आपल्या परिचयाचे अनेक कार्यक्रम उणे ठरतात. पहिला, ज्येष्ठ नागरिक दिन. १ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांसाठी ठरवला आहे. त्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषण आणि अल्पोपाहार होतो. मुले स्वागतगीत म्हणतात आणि बसमध्ये बसून परत जातात. या भेटीत वृद्ध हा केवळ घेणारा ठरतो. ज्याला फक्त घ्यावे लागते त्याचा दर्जा देणाऱ्याच्या बरोबरीचा कसा होणार? दुसरा, वृद्धाश्रमाची वार्षिक भेट. वर्षातून एकदा येऊन रडवून जाणारा पाहुणा आणि दर बुधवारी येऊन पत्ते खेळणारा मुलगा यांत वृद्धाला कोण हवा असेल, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरा प्रकार अधिक नाजूक आहे. आईवडील दोघेही नोकरी करतात, म्हणून नातवंडांना सांभाळायला गावाकडून आजी-आबाजींना आणले जाते. हे पिढ्यांचे मीलन आहे असे आपण मानतो. पण ज्या कामाला आजी नाही म्हणू शकत नाही, ती देवघेव नव्हे, ती वेठ होय. स्वेच्छा ही समान दर्जाची पहिली खूण आहे.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'ज्येष्ठ नागरिक' या शब्दात आपण कोणाकोणाला धरतो? आमच्या भागात संध्याकाळी बाकांवर निवृत्त मंडळी बसलेली असतात. तेथे वर्तमानपत्र आहे, राजकारणावर वाद आहे, पेन्शनच्या फरकाची चर्चा आहे. त्याच वेळी त्यांच्याच वयाची एखादी बाई त्यांच्याच स्कीममधली भांडी घासून पायी घरी निघालेली असते. तिचे वय साठीच्या पुढे आहे, पण तिला कोणी ज्येष्ठ नागरिक म्हणत नाही. ती 'बाई'च असते. त्या बाकावर ती कधी बसत नाही आणि तिला कोणी बसा म्हणत नाही. पिढ्या जोडण्याच्या नावाखाली आपण जर एकाच वर्गातल्या, एकाच जातीतल्या, एकाच इमारतीतल्या आजोबांना व नातवांना जोडले, तर वयाची भिंत पाडताना दुसऱ्या भिंती आपण अधिक पक्क्या करू. सामाजिक समावेशन हा शब्द तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा त्या बाईला येथे द्यायला काही असेल आणि घ्यायलाही काही असेल.

मनीषनगरात काय करता येईल?

या विवेचनाचा शेवट उपदेशाने करण्याऐवजी काही सूचना मांडणे योग्य होईल. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. तिच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावे अशी अपेक्षा असते. एवढे तास एका दिवसाच्या शिबिरांत उधळण्यापेक्षा त्यांतले निम्मे एकाच वस्तीत, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी खर्च केले तर काय होईल?

पहिले काम नोव्हेंबरचे. दरवर्षी या महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही सोय झाली आणि आता हे काम मोबाईलवरही होते. पण ज्यांचे बोट यंत्रावर उमटत नाही आणि मोबाईल हाताळता येत नाही त्यांची तारांबळ उडते. फोनवरून धाक दाखवून वृद्धांचे पैसे लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. महाविद्यालयातील मुलामुलींनी महिनाभर रविवारी सकाळी बसून हे काम शिकवावे. 'करून द्यावे' असे मी म्हणत नाही, 'शिकवावे' असे म्हणते.

दुसरे काम याच्या मोबदल्याचे आहे. ज्यांनी मोबाईल शिकला त्यांनी आपली एक आठवण लिहून घेऊ द्यावी. नागपूरचा अलीकडचा इतिहास माणसांच्या डोक्यात आहे आणि तो वेगाने नाहीसा होतो आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हे शहर एका राज्याची राजधानी होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेले मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास असेल. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिचा भोंगा ऐकून ज्यांच्या घरची चूल पेटे ती माणसे अजून आपल्यात आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगले साधन कोठे मिळणार? येथे सेवानिवृत्त अधिकारी आणि भांडी घासणारी बाई दोघेही सारखेच साक्षीदार आहेत. किंबहुना गिरणीची आठवण सांगायला ती बाईच अधिक योग्य ठरेल, कारण कदाचित तिचा नवरा किंवा सासरा तेथे कामाला असेल.

तिसरे काम अक्षरांचे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी केंद्र शासनाने २०२२ ते २०२७ या काळाकरिता नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. तो 'उल्लास' या नावाने ओळखला जातो आणि स्वयंसेवकांवर अवलंबून आहे. आमच्या वस्तीतील निवृत्त शिक्षिकांचा अनुभव, महाविद्यालयीन मुलींचा उत्साह आणि कामवाल्या बायकांची दुपारची एक मोकळी घटका, यांची सांगड घालणे अवघड नाही. फांगण्याला जे जमले ते मनीषनगराला का जमू नये?

आणि भाद्रपद पौर्णिमा आली की स्कीमच्या खालच्या मोकळ्या जागेत भुलाबाई मांडावी. सर्व घरांतील आजींनी, त्यांत कामाला येणाऱ्या आजीही आल्या, आपापल्या गावची गाणी सांगावीत. वऱ्हाडचे कडवे निराळे, भंडाऱ्याचे निराळे. मुलींनी ती वहीत उतरवावीत. खिरापत आळीपाळीने सर्वांची. त्या महिन्यात जिन्यातल्या माणसांना एकमेकांची नावे कळली, तरी पुष्कळ झाले.

अडचणी येणारच. वृद्ध मंडळी उपदेश करतील, तरुण मुले घड्याळाकडे पाहतील. परीक्षा आल्या की स्वयंसेवक गळतील आणि एप्रिल-मे महिन्यांच्या नागपुरी उन्हात दुपारी कोणी बाहेर पडणार नाही. म्हणून वेळ सकाळची ठेवावी, गट लहान ठेवावे आणि उपक्रमाची जबाबदारी एका उत्साही प्राध्यापकावर न टाकता विभागावर टाकावी. व्यक्ती बदलली की बंद पडते ती हौस. व्यक्ती बदलूनही चालू राहते ती संस्था.

संयुक्त राष्ट्रांनी १९९९ हे वृद्धांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले तेव्हा 'सर्व वयांसाठी समाज' असे त्याचे सूत्र होते. सूत्र सुंदर आहे. परंतु समाज सर्व वयांसाठी होतो तो सर्व वयांच्या हातांना काम मिळाले म्हणजेच. वृद्धांना आपल्या दयेची गरज नाही आणि तरुणांना त्यांच्या उपदेशाची नाही. दोघांनाही गरज आहे ती आठवड्यातल्या एका ठरलेल्या वेळेची आणि मध्ये ठेवलेल्या एका कामाची. आपल्या महाविद्यालयाने येत्या सत्रात एवढी एक वेळ जरी ठरवली, तरी या लेखाचे श्रम कारणी लागतील.